गाडी चालू तर फ्रिज चालू!

सुट्टीत कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायचा प्लॅन शिजतोय? मग निघण्याआधी हे वाचा. गाडीतला फ्रिज, पंप, दिवे बंद पडले तर आधी काय बघायचं, आणि कुठे थांबून वायरमनला फोन लावायचा, याची ही उजळणी. आम्ही ती तारकर्लीत, घाम गाळून केली.

सेमिस्टर संपली की ग्रुपवर पहिला मेसेज काय येतो, ते तुम्हाला सांगायला नको. मग शंभर मेसेज, चार पोल, दोन भांडणं आणि शेवटी एक ठिकाण. यंदा आम्ही जरा वेगळं ठरवलं. हॉटेल नको, तंबू नको, कॅम्परव्हॅन घ्यायची. पुण्याहून तारकर्ली, सहा जण, तीन रात्री, सोबत ड्रायव्हरदादा. गाडीतच झोपायचं, गाडीतच मॅगी करायची, सकाळी दार उघडलं की समोर समुद्र. रीलमध्ये दिसतं अगदी तसं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल आपल्याकडेही बरंच बोललं जातंय. पण रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. ही गाडी म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन आहे. घरात जे जे बिघडतं, ते सगळं इथेही बिघडतं. वर रस्त्यावरचे धक्के खाऊन जरा जास्तच बिघडतं.

आमचा फ्रिज पहिल्याच संध्याकाळी बंद पडला.

नुसतं कोल्ड्रिंक गरम झालं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण आमच्यातल्या एका मैत्रिणीला टाइप १ डायबेटिस आहे. (तिला विचारूनच हे लिहितेय.) तिचं वापरातलं इन्शुलिन पेन पर्समध्ये होतं, आणि न उघडलेली जादा पेनं फ्रिजमध्ये. वापरातलं पेन सावलीत, फार गरम नसलेल्या जागी काही आठवडे चालतं. न उघडलेली मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. एप्रिलअखेरचं कोकण तुम्हाला माहीत आहे. त्यात उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून चाळिशीच्या वर सहज जाते. आणि उष्णतेने इन्शुलिन खराब झालं तर ते बघून कळेलच असं नाही. ते गुपचूप काम करेनासं होतं.

म्हणजे फ्रिज दुरुस्त होणं गरजेचं होतं. आणि आम्ही सहा जण, त्यात दोन इंजिनिअरिंगचे, पुढचे दोन तास एकामागून एक चुका करत बसलो.

आम्ही काय काय चुकलो

पहिली चूक, निदानाची. दिवसभर गाडी चालू असताना फ्रिज मस्त गार होता. गाडी लावली आणि पंधरा मिनिटांत तो बंद. दादांनी स्टार्टर मारला की फ्रिज चालू, इंजिन बंद केलं की थोड्या वेळात फ्रिज बंद. सगळ्यांचं एकमत झालं, ‘बॅटरी डाऊन आहे.’ मग बॅटरी चार्ज करायला तासभर इंजिन चालू ठेवलं. डिझेल जळलं, शेजारच्या घरातले आजोबा दोनदा बाहेर येऊन बघून गेले, आणि इंजिन बंद केल्यावर फ्रिज पुन्हा बंदच.

(इथेच एक गंभीर गोष्ट. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून गाडीत कधीही झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर वाससुद्धा येत नाही आणि झोपेतला माणूस उठत नाही.)

दुसरी चूक, हत्याराची. दादांच्या डिकीत टेस्टर होता. तोच आपला घरचा, स्क्रू ड्रायव्हरसारखा, मुठीत दिवा असलेला. तो फ्रिजच्या सॉकेटला लावला, दिवा लागला नाही. ‘करंटच येत नाहीये!’ असं आम्ही जाहीर करून टाकलं. पण या टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला काही दहा व्होल्ट नाही, त्याहून कितीतरी जास्त दाब लागतो. घरातल्या २३० व्होल्टला तो पेटतो. गाडीतल्या १२ व्होल्टला तो कधीच पेटणार नाही, मग बॅटरी नवीकोरी असली तरी.

तिसरी चूक आम्ही करता करता राहिलो. फ्यूज बॉक्समध्ये फ्रिजचा निळा फ्यूज होता, म्हणजे १५ अँपिअरचा. तो शाबूत होता. तरी एकाला वाटलं की इथे हिरवा, म्हणजे ३० अँपिअरचा टाकून बघू, ‘जास्त करंट जाईल’. हे कधीही करू नका. फ्यूज करंट वाढवत नाही. त्याचं काम वायर जळायच्या आत स्वतः जळायचं. १५ च्या वायरवर ३० चा फ्यूज लावला, तर बिघाड झाल्यावर फ्यूजऐवजी वायर तापेल, आणि ती वायर प्लायवूडच्या आत, तुमच्या गादीखालून गेलेली असते. फ्यूजच्या जागी तार किंवा चॉकलेटची चांदी लावणं तर त्याहून वाईट.

शेवटी मैत्रिणीनेच आमचं ‘संशोधन’ थांबवलं. ज्या घराच्या आवारात आम्ही गाडी लावली होती, तिथल्या काकूंकडे जाऊन तिने सरळ विचारलं, ‘काकू, हे तुमच्या फ्रिजमध्ये ठेवू का?’ काकूंनी पेनं कोकमच्या बाटलीशेजारी ठेवून दिली. फ्रीजरमध्ये नको एवढंच तिने सांगितलं, कारण गोठलेलं इन्शुलिनही फेकावं लागतं. हे काम आम्ही पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं. औषध आधी सुरक्षित, दुरुस्ती नंतर.

एका गाडीत दोन विजा

रात्री मोबाइलवर फ्रिजचा मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल शोधलं. मग बरंच काही कळायला लागलं. तुम्हीही आधी एवढं समजून घ्या.

कॅम्परव्हॅनमध्ये साधारणपणे दोन बॅटऱ्या असतात. एक पुढची, इंजिन स्टार्ट करणारी. दुसरी मागची, घरासाठीची. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, मोबाइल चार्जिंग आणि बहुतेक वेळा फ्रिज या मागच्या बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला चार्ज करतो, छतावरचं सोलर पॅनेलही करतं. दुसरी वीज म्हणजे घरासारखी २३० व्होल्टची. बाहेरच्या सॉकेटला गाडीची केबल लावली की ती मिळते, किंवा इन्व्हर्टर ती बॅटरीतून तयार करतो. एअर कंडिशनर, इंडक्शन, मिक्सर हे या विजेवर.

या दोन विजांचे धोके वेगळे. १२ व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो क्षणात लालबुंद होऊ शकतो. म्हणून बॅटरीजवळ हात घालण्याआधी अंगठी, कडं, ब्रेसलेट काढून ठेवा. २३० व्होल्ट मात्र जीव घेतो. म्हणून नियम सोपा ठेवा. १२ व्होल्टच्या बाजूला स्विच, फ्यूज, पिन इतपत आपण बघायचं. २३० च्या बाजूला प्लग काढणं-लावणं आणि एमसीबी वर करणं इथपर्यंतच. कुठलंही झाकण उघडायचं नाही.

बल्बने सांगितलं

सकाळी काकूंनी ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. ते मालवणहून मोटरसायकलवर आले. त्यांच्या पिशवीत मला वाटलं होतं तसं मोठं मीटर वगैरे काही नव्हतं. होता हेडलाइटचा एक जुना बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेल्या.

आमची सगळी कथा ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. गाडी चालू असताना फ्रिज चालतो ना? हो म्हटल्यावर त्यांनी बल्ब आधी थेट बॅटरीला लावला. लख्ख प्रकाश. मग तोच बल्ब फ्रिजच्या सॉकेटला लावला. पिवळा, मरगळलेला. ‘फ्रिजाक काय्येक झाला नाय,’ असं म्हणत त्यांनी सॉकेटमागची फळी उघडली. वायरच्या टोकाचा थिंबल सैल झाला होता आणि काळा पडला होता. काकांनी हात लावू दिला, तर तो चांगलाच गरम होता.

आता नववीतला ओहमचा नियम आठवा. तेव्हा आपण तो पाठ करून पेपरात लिहिला आणि विसरलो. इथे तो डोळ्यांसमोर होता. फ्रिजचा कॉम्प्रेसर साधारण ५ अँपिअर घेतो असं धरा. सैल जोडात समजा ०.३ ओहमचा रोध तयार झाला. ५ गुणिले ०.३, म्हणजे दीड व्होल्ट त्या जोडातच खर्च झाले. बॅटरीकडे १२.५ व्होल्ट आहेत, पण फ्रिजला मिळतात ११. बॅटरी फार उतरू नये म्हणून अशा फ्रिजमध्ये एक संरक्षण असतं. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की तो स्वतःच बंद होतो. आमचा फ्रिज तेच करत होता. त्याला वाटत होतं की बॅटरी संपली.

मग इंजिन चालू केल्यावर तो का चालायचा? कारण अल्टरनेटरमुळे व्होल्टेज १४ च्या आसपास जातं. त्यातले दीड गेले तरी साडेबारा उरतात. फ्रिज खूश! म्हणजे कोड्याचं उत्तर पहिल्या संध्याकाळपासून आमच्या समोर होतं. बॅटरी खरंच संपली असती, तर तासभराच्या चार्जिंगने थोडा तरी फरक पडायला हवा होता. तो अजिबात पडला नाही, तिथेच आम्ही थांबून विचार करायला हवा होता.

आणखी एक मोह होता. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की हे संरक्षण ‘हाय’वरून ‘लो’वर करता येतं. तसं केलं असतं तर फ्रिज बहुधा चालला असता. पण सैल जोड तसाच तापत राहिला असता. दीड व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे साडेसात वॅट उष्णता, नखाएवढ्या जागेत, रात्रभर, लाकडाला चिकटून. काकांनी काळं पडलेलं टोक कापलं, वायर नव्याने सोलली, नवीन थिंबल दाबून बसवला, स्क्रू घट्ट केला. वीस मिनिटं आणि दीडशे रुपये.

तीन प्रश्न

परतीच्या वाटेवर आम्ही काकांची पद्धत तीन प्रश्नांत मांडली. कुठल्याही वस्तूला ती लागू होते.

एक, एकच वस्तू बंद आहे की सगळ्याच? एकच दिवा गेला तर बल्ब किंवा त्याचा जोड. सगळे दिवे आणि पंपही गेला तर मेन स्विच, मेन फ्यूज किंवा बॅटरी. या एका प्रश्नाने अर्धी शोधाशोध वाचते.

दोन, कधी चालते आणि कधी बंद पडते? इंजिन चालू असताना, खड्ड्यात आपटल्यावर, पंप सुरू झाल्यावर? पंप सुरू झाला की दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरलीय किंवा दोघांच्या सामाईक वाटेवर कुठेतरी जोड कच्चा आहे.

तीन, वीज कुठपर्यंत पोहोचतेय? बॅटरीपासून सुरुवात करायची. बॅटरी, फ्यूज, स्विच, सॉकेट, मग वस्तू. जिथे व्होल्टेज एकदम पडतं, बिघाड त्याच्या अलीकडच्या टप्प्यात असतो. वस्तू सर्वात शेवटी तपासायची. आपण नेमकं उलट करतो, आधी वस्तूलाच थपडा मारतो.

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, तीन-चारशे रुपयांत मिळतो. डीसी व्होल्टवर २० च्या रेंजला ठेवायचा. लाल वायर १० अँपिअर लिहिलेल्या भोकात नाही ना, हे बघूनच टोकं लावायची, नाहीतर मीटरच शॉर्टसर्किट करतो. आणि वस्तू चालू असताना मोजायचं. सैल जोडातून करंट वाहत नसेल तेव्हा मीटर तिथेही साडेबारा दाखवून तुम्हाला फसवतो. काकांचा बल्ब म्हणूनच हुशार होता. तो स्वतःच ५ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे फ्रिजइतकाच भार टाकून बघतो.

बॅटरीचा आकडाही समजून घ्या. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर चार्जिंग आणि वापर दोन्ही थांबवून अर्ध्या-एक तासाने मोजा. १२.७ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आता दिवे विझवून चांदणं बघा. लिथियम बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे तिथे व्होल्टपेक्षा डिस्प्लेवरची टक्केवारी बघा.

लक्षण बघा, मग हात लावा

पंपाचा आवाज येतोय, पाणी नाही: टाकी रिकामी आहे का बघा. नसेल तर पंपाआधीची जाळी कचऱ्याने भरली असेल. पंप कोरडा चालवत ठेवू नका.

नळ बंद, तरी पंप मधूनमधून खडखडतो: कुठेतरी गळती आहे किंवा एखादा नळ नीट बंद नाही. वीज नाही, पाणी शोधा.

पंप अगदी गप्प: पंपाचा वेगळा स्विच बघा (तो बहुधा दाराजवळ असतो आणि कोणीतरी बॅग ठेवताना बंद केलेला असतो), मग फ्यूज.

फ्यूज उडाला: तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. पुन्हा उडाला तर थांबा, कुठेतरी शॉर्ट आहे. तिसरा लावू नका.

इन्व्हर्टर बीप करून बंद होतो: त्यावर काय लावलंय ते बघा. १८०० वॅटचा इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीतून चालवायचा तर १५० अँपिअरहून जास्त करंट लागतो. इन्व्हर्टर बिचारा स्वतःला वाचवतोय.

फ्रिजचा दिवा लुकलुकतो किंवा कोड दिसतो: तो काहीतरी सांगतोय. किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि मॅन्युअल उघडा. आमचा थांबून थांबून एकदा लुकलुकत होता. अर्थ होता ‘व्होल्टेज कमी’. आम्ही तो दोन तास नुसता बघत बसलो होतो.

घरच्या सॉकेटला गाडी लावताना

कोकणात बऱ्याचदा तुम्ही कोणाच्या तरी अंगणात गाडी लावता आणि खिडकीतून केबल घेता. तिथे तीन गोष्टी पाळा. छोट्या तीन पिनांचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे जेमतेम १३८० वॅट. त्यावर एअर कंडिशनर आणि इंडक्शन एकदम चालणार नाहीत, एमसीबी पडेल. जड वस्तूंसाठी मोठं, १६ अँपिअरचं सॉकेट मागा. दुसरं, एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलची उष्णता आतच साठते आणि प्लास्टिक वितळू शकतं. तिसरं, आरसीसीबी पडत असेल तर गाडीतले सगळे प्लग काढा, तो वर करा आणि एकेक वस्तू लावत जा. जिच्यामुळे पडतो ती बाजूला ठेवा. काहीच न लावता पडत असेल, किंवा गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर जमिनीवर उभं राहून गाडीला हात लावू नका. घरमालकांना मेन स्विच बंद करायला सांगा आणि वायरमनला फोन करा. इथे जुगाड नाही.

निघण्याआधीची वीस मिनिटं

आम्ही गाडी परत दिली तेव्हा काय झालं, काय दुरुस्त केलं, सगळं लिहून दिलं. पुढच्या ग्रुपमध्येही कोणाची औषधं असू शकतात. मैत्रिणीने यापुढे प्रवासात थंड राहणारा इन्शुलिनचा छोटा पाऊच वेगळा ठेवायचं ठरवलंय, फ्रिज कितीही चांगला असला तरी. बर्फाला पेन थेट टेकू द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि तुमच्यासाठी एकच काम. गाडी ताब्यात घेताना मालक सगळं चालू करून दाखवतात. दिवे, पंप, फ्रिज, सगळं झकास असतं, कारण तेव्हा इंजिन चालू असतं किंवा गाडी अंगणातल्या सॉकेटला जोडलेली असते. तुम्ही ‘थांबा’ म्हणा. केबल काढा, इंजिन बंद करा आणि वीस मिनिटं सगळं बॅटरीवर चालू देऊन तिथेच बसा. चहा मागवा. फ्यूज बॉक्स कुठे आहे, मेन स्विच कुठे आहे, जादा फ्यूज आहेत का, ते तेवढ्यात विचारून घ्या. आम्ही तो चहा घेतला असता, तर आमचा फ्रिज पुण्यातच बंद पडला असता.

चौकट: बॅगेत काय हवं

• साधा डिजिटल मल्टिमीटर
• हेडलाइटचा जुना बल्ब, दोन वायरी जोडून (पेटल्यावर तापतो, काच धरू नका)
• गाडीत आहेत त्याच अँपिअरचे जादा फ्यूज: १० लाल, १५ निळा, २० पिवळा
• टॉर्च, कारण दिवे गेल्यावरच हे सगळं करायची वेळ येते
• फ्रिज आणि इन्व्हर्टरचं मॅन्युअल, मोबाइलमध्ये आधीच डाउनलोड केलेलं
• मुक्कामाच्या गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा नंबर